जस्तावर धरलेला रंग

मी चेसी बोलतेय. बोलायचं असतं ते गाडीने, फार तर इंजिनाने. चेसीला कोण विचारतं? जीप बघायला माणसं येतात ती बॉनेटवरून हात फिरवतात, हॉर्न वाजवून बघतात, सीटवर बसून दोन हिसके देऊन बघतात. खाली वाकून मला पाहणारा हजारात एखादा. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या पाच आडव्या, एवढाच माझा देह. पण इंजिन, बॉडी, चाकं आणि वर बसलेली माणसं, सगळ्यांचा भार माझ्यावर. मी कुरकुर करत नाहीये. जरा फटकळ आहे एवढंच, आणि या वयात ते चालतं.

उद्या सकाळी माझ्यावर पुन्हा बॉडी चढेल आणि मी दिसेनाशी होईन. म्हणून आजच बोलून घेते. सांगायचंय ते माझ्याबद्दल कमी, आणि मला रंगवणाऱ्या संघमित्राबद्दल जास्त.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा दाबून, वाकवून, रिव्हेट ठोकून मला उभी केली, पोटावर नंबर ठोकला आणि काळा रंग मारून बाहेर काढली. पहिली काही वर्षं मी एका रस्त्याच्या ठेकेदाराकडे खडी आणि डांबर यांच्यात काढली. त्याने मला कधी धुतलं नाही. मग एका मे महिन्यात भांडुपहून काशीराम परब नावाचा माणूस आला. कणकवलीकडचा. गिरणी बंद पडल्यावर त्याच्या बायकोने, रत्नप्रभाबाईंनी, घरातच मालवणी जेवणाची खानावळ काढली होती, आणि ताजं म्हावरं आणायला त्यांना गाडी हवी होती. काशीराम आला, त्याने हॉर्न वाजवला नाही की सीटवर बसला नाही. सरळ रस्त्यावर पाठ टेकून माझ्याखाली शिरला आणि बोटांनी ठोकून ठोकून मला तपासलं. तेव्हाच मी ठरवलं, याच्याकडे नांदायचं.

पुढची सत्तावीस वर्षं रोज पहाटे माहुलच्या बंदरावर. बर्फाच्या पेट्या, त्यांत बांगडे, सुरमई, कोळंबी. परतीच्या वाटेवर बर्फ वितळायचा आणि खारं पाणी फळ्यांमधून माझ्या अंगावर ठिबकत राहायचं. लोखंडाला मीठ म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. माझ्याबरोबरच्या कितीतरी गाड्या पाच-सहा वर्षांत सडून भंगारात गेल्या. मी टिकले ती काशीरामच्या एका सवयीमुळे. घरी आला की तो आधी गाडी धुवायचा, मग एक फडकं इंजिनच्या जळक्या तेलात बुडवायचा आणि उकिडवं बसून मला पुसायचा. एक दिवस चुकला नाही. ताप असो, गणपती असोत, मुलीच्या लग्नाचा दिवस असो. रत्नप्रभाबाई खिडकीतून म्हणायच्या की माझे गुडघे दुखतात त्यांना कधी तेल लावलं नाहीत ते. तो हसायचा आणि पुसत राहायचा.

मग रत्नप्रभाबाई थकल्या, खानावळ बंद झाली. काशीरामचे गुडघेही गेले. मी सहा वर्षं इमारतीच्या मागे उभी राहिले. कोंबड्या माझ्याखाली अंडी घालायच्या, पोरं लपाछपी खेळायची. एक दिवस रत्नप्रभाबाईंनीच फर्मान काढलं. गावाला जायचं तर आपल्या जीपने, भाड्याच्या गाडीतून मी उतरायची नाही. झालं. मला टोचन लावून ओढत घाटकोपरला निलेशच्या गॅरेजात आणून टाकलं.

निलेश जुन्या गाड्या नव्या करून देतो. हुशार आहे, तोंडाचा तिखट आहे, आणि चुकीचं काम त्याला सहन होत नाही. त्याने बॉडी उतरवली, मला लोखंडी घोड्यांवर चढवलं, आणि मला घासायचं काम संघमित्राकडे दिलं. ती मानखुर्दहून यायची. वय चौतीस. पाच वर्षं त्या गॅरेजात पेपर मारत होती, म्हणजे दुसऱ्याने रंग मारायच्या आधी पत्रा घासून गुळगुळीत करत होती. रंगाची गन तिच्या हातात कधी कुणी दिली नव्हती. बाईमाणूस घासायला बरं, असा तिथला अलिखित नियम होता.

नऊ दिवस ती माझ्याखाली पडून होती. तीस वर्षांचं तेल, चिखल, माशांचे खवले, डांबर. कुणी दुसरं असतं तर वरवर खरवडून मोकळं झालं असतं. ही बाई चाकूच्या टोकाने माझा एकेक सांधा साफ करायची आणि साफ झालेल्या जागेवर तळवा टेकवून बघायची. पाचव्या दिवशी ती थांबली. बाहेरच्या बाजूने आणि खालून, कोपरभर आतपर्यंत, माझं लोखंड शाबूत होतं. त्याच्या पलीकडे, जणू रेघ मारल्यासारखं, गंजाने पोखरलेलं. तिने आपला हात बाहेरून आत घालून बघितला. हात जिथे संपला तिथेच गंज सुरू होत होता. ती निलेशला म्हणाली की या गाडीला कुणीतरी वर्षानुवर्षं हाताने पुसलंय. तोवर तिने काशीरामला पाहिलंही नव्हतं, आणि तरी तिच्या आवाजात आदर होता. मला फार बरं वाटलं.

सडलेल्या जागा कापून निलेशने नवे तुकडे जोडले, आतली हवा निघायला भोकं पाडली, आणि मला जस्त चढवायला खाडीपलीकडच्या कारखान्यात पाठवलं. तिथे आधी आम्लाची आंघोळ आणि मग वितळलेल्या जस्ताची. त्याबद्दल जास्त बोलणार नाही. बाहेर आले तेव्हा चांदीच्या ताटासारखी चमकत होते. काशीराम मला बघायला आला आणि भान हरपून उभाच राहिला.

आता रंग. जस्त चढवल्यावर रंग कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण निलेशला दुहेरी कवच हवं होतं, आणि जस्तावर रंग धरणं ही सोपी गोष्ट नाही. नवं जस्त गुळगुळीत असतं, त्यावर साधा रंग मारला तर चार महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. गॅरेजातल्या कुणालाच याची नीट माहिती नव्हती. संघमित्राला होती. तिचे वडील सीताराम माहुलच्या तेल कंपन्यांत ठेकेदाराकडे रंगारी होते. जस्ताचे जिने, जस्ताचे कठडे त्यांनी जन्मभर रंगवले, आणि सुट्टीच्या दिवशी पोरीला शेजारी बसवून सगळं सांगितलं. आधी जस्ताची चमक मार, मग त्याला आम्लाचं निळसर पाणी पाज. ते काळं पडलं की समज, आता ते रंगाला हात देईल.

निलेशने ते ऐकलं, विचार केला आणि म्हणाला, ठीक आहे, तूच मार. चेसीवर रंग धरला तर यापुढे गॅरेजातलं रंगाचं सगळं काम तुझं. नाही धरला तर मुलुंडहून रतन रंगाऱ्याला बोलावतो, तू परत पेपर घे. संघमित्राने फक्त मान हलवली. पण त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने रंगाची गन हातात घेतली आणि कितीतरी वेळ रिकामीच चालवत राहिली.

तिचं काम मी काय वर्णू? आधी बारीक पेपरने सगळी चमक उतरवली. जस्तात बुजलेला माझा नंबर तारेच्या ब्रशने आकड्यागणिक मोकळा केला. थिनरने पुसलं. मग ते निळसर पाणी लावलं आणि मी बघता बघता काळी पडले. स्वच्छ पाण्याने धुतलं, पंखा लावला आणि ती डबा खायला गेली. परत येऊन प्राइमरचा पहिला हात मारला. हात असा एकसारखा चालत होता की कुठे जाड नाही, कुठे ओघळ नाही. निलेश पण दोनदा येऊन बघून गेला.

चौथ्या दिवशी त्याने माझ्या बाहेरच्या अंगावर नख घासलं, आणि रंगाचा हातभर लांब पापुद्रा त्याच्या हातात आला.

नेमका काशीराम तिथे होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. साऱ्या गॅरेजसमोर तो म्हणाला, "ह्या काम बायलमाणसाचा न्हय, निलेशा. माझ्या गाडीची वाट लावलान." पापुद्रा उचलून संघमित्राने उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा घासायला बसली. निलेशने तिला आणखी एक संधी दिली. तिने सगळं पहिल्यापासून केलं, आधीपेक्षा दुप्पट काळजीने. आणि पुन्हा तेच. या वेळी निलेश ओरडला नाही, ते जास्त वाईट. त्याने रतनला फोन करून सोमवारी यायला सांगितलं.

आता मी तुम्हाला सांगते काय होत होतं, कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. संघमित्रा डबा खायला गेली की काशीराम यायचा. भांडुपहून बसने, गुडघे धरत. पिशवीतून तेलाचं फडकं काढायचा आणि काळ्या पडलेल्या माझ्याकडे बघून हळहळायचा. काय पोरीने चांदीचा कोळसा करून ठेवलाय. मग सवयीने मला पुसायचा. काळ्यावर काळं तेल, कुणाला दिसणार? तासाभराने संघमित्रा यायची आणि त्या तेलावर प्राइमर मारायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण इथे चोरही चोर नव्हता. दोघंही माझ्यावर मायाच करत होते, आणि मला ओरडून सांगायला तोंड नव्हतं. लोखंडाच्या जन्माचं मला एवढंच दुःख आहे.

बुधवारी, रतन यायच्या आत, संघमित्राने पुन्हा रंग खरवडला. या वेळी ती घाई न करता, कुठे सुटलाय आणि कुठे धरलाय ते बघत होती. मधल्या आडव्या तुळयांवर रंग असा पक्का होता की पटाशीने निघेना. सुटला होता तो बाहेरच्या बाजूने आणि खालून, कोपरभर आतपर्यंत. तिने हात आत घालून बघितला आणि तिथेच राहू दिला. जिथे गंज चढला नव्हता, नेमका तिथेच रंग धरत नव्हता. तिला सगळं उमगलं हे मला तिच्या बोटांवरून कळलं.

तिने ते निळसर पाणी लावलं, मला धुतलं, पंखा लावला आणि डबा घेऊन जीपच्या उतरवून ठेवलेल्या बॉडीमागे उलट्या बादलीवर जाऊन बसली. काशीराम आला. फडकं काढलं. एक हातभर पुसून झालं तेव्हा ती मागून म्हणाली, "काका."

तो दचकला नाही. तिला बघून त्याला उलट बरंच वाटलं असावं. तो म्हणाला की तुम्ही सगळे जेवायला जाता, तेव्हा हिच्याकडे कोण बघणार. ती जवळ आली. तांब्याभर पाणी घेऊन तिने आधी त्याने न पुसलेल्या जागी ओतलं. पाणी सगळीकडे सारखं पसरलं आणि टिकून राहिलं. मग पुसलेल्या जागी ओतलं. तिथे त्याचे मणी झाले आणि घरंगळून जमिनीवर पडले.

"इथे पाणीसुद्धा थांबत नाही काका," ती म्हणाली. "रंग कसा थांबेल?"

काशीरामने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि हातातल्या फडक्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. सगळ्यांसमोर काय बोललो होतो तेही आठवलं असणार, कारण त्याचा चेहरा एकदम उतरला. त्याने हळूच विचारलं की निलेशला सांगणार काय. ती म्हणाली, "तुमच्या हातानेच ही तीस वर्षं जगली, ते मी पहिल्यांदा घासताना बघितलंय. तुमची चुगली मी नाही करणार." त्याने फडकं पिशवीत कोंबलं आणि तो निघून गेला. तिने पुसलेला भाग साबणाने, मग थिनरने धुतला, त्याला नव्याने ते पाणी पाजलं, सुकेपर्यंत माझ्याजवळून हलली नाही आणि उपाशीपोटी प्राइमर मारला. अर्धा डबा तसाच बादलीवर राहिला होता.

काशीराम पुढचे चार दिवस आला नाही.

सोमवारी रतन आला, आपली गन आणि आपला चहाचा थर्मास घेऊन. शांत माणूस, पन्नाशीचा. निलेशने त्याच्यासमोर माझ्या बाहेरच्या अंगावर ब्लेडने बारीक चौकटी आखल्या, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवली आणि एका झटक्यात ओढली. पट्टी कोरी निघाली. दुसरीकडे ओढली. कोरी. खाली वाकून तिसरीकडे. रतनने पुढे होऊन नखाने खरडून पाहिलं आणि नुसती भुवई उंचावली.

निलेशला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्याचं डोकं मेकॅनिकचं. तो म्हणाला, "मग आधी दोनदा काय झालं होतं?"

"पुसण्यात कमी पडले," संघमित्रा म्हणाली.

मी तेव्हा चार घोड्यांवर होते, नाहीतर काहीतरी करून बसले असते. निलेश म्हणाला की मग हे नशिबाने धरलंय. तीनदा मारून एकदा धरतं, त्यावर मी गिऱ्हाइकाला शब्द देऊ शकत नाही. रतन, वरचा हात तू मार. संघमित्राने मान हलवली आणि खिळ्यावर टांगलेला पेपर काढला. पाच वर्षांची सवय, हात आपोआप गेला असेल. माझं पोलाद आतून कडकडलं.

आणि दारातून आवाज आला, "रतन नको."

काशीराम कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. मागे रत्नप्रभाबाईही होत्या, पहिल्यांदाच गॅरेजात. तो सरळ आत आला, पिशवीतून ते काळं फडकं काढलं आणि निलेशच्या टेबलावर ठेवलं. मग त्याने सगळं सांगितलं. कुठल्या वेळी यायचा, कुठून कुठवर पुसायचा, दोन्ही वेळा. निलेश ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला की काका, इतके दिवस गप्प का बसलात.

"लाज वाटली," काशीराम म्हणाला. "पण मी तिका सगळ्यांसमोर बोललंय. म्हणान सगळ्यांसमोरच सांगतंय. चूक तिची नाय, माझी आसा." मग तो संघमित्राकडे वळला. सत्तरी उलटलेल्या त्या माणसाला माफी मागायची सवय नव्हती. त्याने दोन्ही हात जोडले आणि तसेच जोडून उभा राहिला. संघमित्राने पुढे होऊन त्याचे हात खाली केले. रत्नप्रभाबाई तेवढ्यात म्हणाल्या की आता तरी त्या फडक्याला रजा द्या. सगळे हसले, निलेशसुद्धा.

रतनने गन पिशवीत परत ठेवली. मोठा माणूस. जाण्याआधी संघमित्राच्या शेजारी बसून त्याने थर्मासातला चहा तिला दिला आणि ते निळसर पाणी कुठलं, किती वेळ ठेवायचं, सगळं विचारून खिशातल्या पाकिटावर लिहून घेतलं. निलेशने काही भाषण केलं नाही. त्याने आतल्या खोलीतून रंगाची नवी गन आणली, तिच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर उगाच मोठ्याने भांडत बसला. त्याची शरमायची तऱ्हा तशीच आहे.

वरचा काळा रंग तिने मारला. मग माझ्या पोकळ तुळयांच्या आत लांब नळीने मेण सोडलं. आतून गंज धरू नये म्हणून ते लागतंच. रंग मारताना ती कधी घाईत नसते आणि कधी थांबतही नाही. मी खूप हात बघितले. कारखान्यातले, ठेकेदाराचे, कोळणींचे, वेल्डरचे. एवढ्या मायेचे हात दोनच. एकाने मला जगवलं, दुसऱ्याने नवं अंग दिलं. बाकी जगाला मी दिसणार नाही, पण ते दिसण्यासाठी नव्हतंच.

तुम्हालाही एक सांगून ठेवते. रस्त्यावर कधी एखादी जुनी जीप दिसली तर बॉनेटवर थाप मारून पुढे जाऊ नका. गुडघे चालत असतील तर जरा वाका. खाली कुणाची तरी उमर गेलेली असते.

आज संध्याकाळी काशीराम आला होता, रिकाम्या हाताने. माझ्याभोवती एक चक्कर मारली. हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. सत्तावीस वर्षं त्याने मला कुणालाही न विचारता पुसलं होतं. आज तो संघमित्राकडे वळला आणि म्हणाला, "हात लावू गो?"

संघमित्राने वळून माझ्याकडे पाहिलं. रंग सुकलाय की नाही, ते ती बघत होती.

"लावा," ती म्हणाली.